लग्नविधींची उकल – लेखांक ६ : काकणाच्या गाठी

मागच्या लेखात अंतरपाट दूर झाला आणि अक्षता पडल्या. एवढे झाले की पाहुणे पंगतीकडे वळतात आणि लग्नातला फार जुना विधी अर्ध्या रिकाम्या मांडवात पार पडतो. तो म्हणजे पाणिग्रहण, हात हातात घेणे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात वर वधूचा हात धरतो. आश्वलायन गृह्यसूत्र तर तो कसा धरायचा हेही सांगते. मुलगे हवे असतील तर नुसता अंगठा, मुली हव्या असतील तर नुसती बोटे आणि दोन्ही हवे असतील तर अंगठ्यासकट अख्खा हात. मुलगी हवी म्हणून वेगळा हात धरण्याची सोय त्या काळी होती, हे आज मुद्दाम सांगायला हवे. हेच सूत्र मागेपुढे न पाहता असेही बजावते की, प्रांतोप्रांती आणि गावोगावी लग्नाच्या चाली निराळ्या असतात, त्या लग्नात पाळाव्यात. पोथीने दिलेली ही मोकळीक गावांनी पुरेपूर घेतली.

जालन्यात ती एकाच वस्तीत दिसते. मस्तगडची गढी काबिल खानाने १७२५ मध्ये बांधली. तिच्या आसऱ्याने वाढलेल्या जुन्या शहरात मराठी आणि मारवाडी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. मारवाडी लग्नात हथळेवा असतो. वधू-वरांच्या तळहातांमध्ये मेंदीचा गोळा ठेवून दोन्ही हात जोडतात आणि वरून कापडाने बांधतात. मराठी घरात हात एकमेकांना बांधत नाहीत. प्रत्येकाच्या मनगटाला वेगळे काकण असते, मात्र ते बांधतो दुसरा.

त्यासाठी आधी सूत्रवेष्टन होते. समोरासमोर बसलेल्या दोघांभोवती भटजी पांढऱ्या सुताचे वेढे देतात, एक गळ्याशी, एक कमरेशी. गळ्याचे सूत डोक्यावरून आणि कमरेचे पायांखालून काढायचे, तुटू द्यायचे नाही. मग त्याला कुंकू लावून पीळ द्यायचा आणि त्यात हळकुंड अडकवायचे. नवरीच्या डाव्या मनगटाला नवरदेव बांधतो, त्याच्या उजव्या मनगटाला ती बांधते. मराठवाड्यातल्या काकणात वसमतचे हळकुंड असले तर नवल नाही. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली वसमतची हळद या मुलखाचे मोठे पीक आहे.

काकण ही लग्नकाळाची खूण. ते हाती असेतो नवरदेवाला एकटे सोडत नाहीत, लिंबू खोचलेली कट्यार त्याच्यापासून हलत नाही. नांदीश्राद्ध होऊन देवक बसले की मधे सुतक आले तरी लग्नाला बाधत नाही, असे धर्मशास्त्र मानते. देवक उठते, काकण सुटते आणि दोघे पुन्हा चारचौघांसारखी होतात.

म्हणून खरी गंमत बांधण्यात नाही, सोडण्यात आहे. दुसऱ्या दिवशी सासरच्या अंगणात दोघांना पाटावर बसवतात. नवरीचे काकण नवरदेवाने सोडायचे, तेही बहुतेक घरी एकाच हाताने. हळदीच्या पाण्याने सूत फुगलेले असते, करवल्यांनी गाठीवर गाठ मारलेली असते. नख लागत नाही, दाताने सोडायची मुभा नसते. मग ती मनगट थोडे वळवून देते, त्याला गाठीचे टोक सापडते. ठरवून झालेल्या लग्नात कालपर्यंत एकमेकांशी नीट बोलणेही न झालेल्या दोघांचे हे पहिले एकत्र काम. त्यानंतर परातीतल्या हळदीच्या पाण्यात अंगठी शोधायची. इथे कोण जिंकले याची चर्चा माहेरी पोचल्याशिवाय राहत नाही!

युरोपात स्कॉटलंडची हस्तबंधनाची रीत प्रसिद्ध आहे. दोघांनी एकमेकांना नवरा-बायको म्हणून जाहीर स्वीकारले की लग्न झाले, हे तिथल्या कायद्याला १९४० पर्यंत मान्य होते, पाद्री नसला तरीही. मनगटांना रंगीत फिती गुंडाळण्याची हौस मात्र अलीकडची. आपल्याकडे पुरोहिताविना लग्नाची वाट सत्यशोधक समाजाने दाखवली. असे पहिले लग्न पुण्यात २५ डिसेंबर १८७३ रोजी लागले.

कायद्याच्या लेखी काकणाला वजन नाही. म्हणूनच की काय, आता त्याच्यावर पहिली कात्री चालते. कार्यालय संध्याकाळपर्यंत रिकामे करायचे असते, तेव्हा फोटोपुरते बांधलेले काकण गाडीत बसण्याआधीच कापून टाकतात. हे थांबायला हवे. दोन पाट, एक परात आणि अर्धा तास, एवढ्यावर होणारा हा विधी आहे, आणि नवरीला सासरी सगळ्यांसमोर हसण्याची पहिली संधी त्यातच मिळते.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने वजन दिले ते सातव्या पावलाला. त्या पावलाविषयी पुढच्या लेखात.