पाजणाऱ्यानेही प्यावं : घरातलं आजारी माणूस, आपण आणि पाणी



उन्हाळा लागला की आपण सगळेच फळ्यावर लिहितो, ‘भरपूर पाणी प्या’. मीही दरवर्षी लिहिते. पण भरपूर म्हणजे नेमकं किती? आणि ज्याला स्वतःच्या हाताने पेला उचलता येत नाही, त्याने काय करायचं? गेल्या वर्षीपर्यंत मला कोणी हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. म्हणून आजचा पाठ मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे.

आमच्या घरी काय झालं

आमचं चिखलोली अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधलं. गावाच्या नावाचं धरण आहे, पाण्याची ओळख जुनी. एप्रिलमध्ये इकडे पारा चाळीस अंश ओलांडतो, हे तुम्हाला सांगायला नको. अशाच एका एप्रिलमध्ये मी सकाळची शाळा करून घरी आले, तर माझ्या सासूबाईंनी मला त्यांच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. वय ७८. पायाचं दुखणं असल्यामुळे बहुतेक वेळ पलंगावर. मला वाटलं, झालं, आता विसरायला लागल्या. रात्री त्या आणखीच असंबद्ध बोलू लागल्या, तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जीभ बघितली, लघवी कधी झाली ते विचारलं. मला सांगता आलं नाही. शरीरातलं पाणी कमी झालं होतं. दोन दिवस सलाईन लावल्यावर आई पुन्हा नेहमीसारख्या बोलू लागल्या.

तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात मलाच चक्कर आली. लघवीला जळजळ तर आदल्या दिवसापासून होती. दिवसभरात मी दोन चहा घेतले होते, बाकी काही नाही. आईंच्या पेल्याकडे लक्ष होतं, स्वतःच्या बाटलीकडे नव्हतं.

घरी आल्यावर मी आईंना विचारलं, ‘पाणी का पीत नव्हता?’ त्या म्हणाल्या, ‘अगं, तू शाळेतून दमून येतेस. परत मला धरून मोरीत न्यायचं. म्हणून मीच कमी पीत होते.’

त्या माझ्यासाठी कमी पीत होत्या. मी त्यांच्या धावपळीत पीत नव्हते. मला वाटतं, बऱ्याच घरांत असंच चालतं.

तहान लागेल तेव्हा पिऊ, हे का चालत नाही

तहान ही मेंदूची सूचना आहे. रक्तातल्या क्षारांचं प्रमाण वाढलं की मेंदू पाणी मागतो. पण वय वाढतं तशी ही सूचना मंद होते. शरीराला पाण्याची गरज असते, पण माणसाला तहानच जाणवत नाही. शिवाय म्हातारपणी मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची ताकद कमी होते. शरीरात पाण्याचा साठाही कमी असतो. तान्ह्या बाळाच्या वजनात साधारण ७० ते ७५ टक्के पाणी असतं, तरुण माणसात ६० च्या आसपास, वृद्धांमध्ये ५० च्या जवळ. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर टाकी आणखी लवकर रिकामी होते.

सांभाळणाऱ्याचं उलटं असतं. त्याला तहान लागते, पण तो ती पुढे ढकलतो. ‘एवढं औषध देते, मग पिते.’ आपल्यापैकी लोकलने जाणाऱ्या बायकांना तर वाटेत लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी न पिण्याची सवयच असते. हीच सवय घरी आजारपण आलं की महागात पडते.

दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि पाणी मात्र जातच राहतं. आपल्यापासून फार लांब नसलेल्या खारघरला १६ एप्रिल २०२३ रोजी भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. आपल्या हवेतलं ऊन किती घातक ठरू शकतं, ते तेव्हा सगळ्यांना कळलं.

कसं ओळखायचं

लहान मुलांमध्ये पोटाची कातडी चिमटीत धरून बघतात. वृद्धांची कातडी आधीच सैल असते, म्हणून ती खूण त्यांच्यात भरवशाची नाही. त्याऐवजी हे बघा :

- जीभ आणि तोंड आतून कोरडं, चिकट
- लघवी कमी, गडद पिवळी, उग्र वासाची (काही गोळ्यांनीही रंग बदलतो, हे लक्षात ठेवा)
- उठताना चक्कर, नेहमीपेक्षा जास्त झोप, थकवा
- अचानक गोंधळल्यासारखं बोलणं

शेवटची खूण मी चुकवली होती. विसरभोळेपणा हळूहळू वाढत जातो. एक-दोन दिवसांत माणूस बदलला, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

किती आणि कसं द्यायचं

चालत्याफिरत्या वृद्ध माणसाला सगळे द्रवपदार्थ मिळून दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर लागतात. उन्हाळ्यात, तापात थोडं जास्त. पण हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर पाण्याचं माप डॉक्टरच ठरवतील. तिथे ‘भरपूर’ हा शब्द धोक्याचा आहे. अशा मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळंही विचारल्याशिवाय देऊ नका, त्यात पोटॅशियम बरंच असतं.

आम्ही घरी काय बदललं ते सांगते :

१. तहानेला नाही, कामाला पाणी जोडलं. उठल्यावर, गोळीबरोबर, जेवणाआधी, दुपारच्या झोपेनंतर, संध्याकाळी दिवा लावल्यावर. प्रत्येक वेळी अर्धं फुलपात्र. एकदम तांब्याभर नाही.

२. लघवीची सोय आधी केली. पलंगाजवळ भांड्याची खुर्ची आणली. त्या दिवसापासून आईंचं पाणी आपोआप वाढलं. ‘पाणी प्या’ म्हणून मागे लागण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडलं. झोपण्याआधीच्या दोन तासांत कमी देतो, म्हणजे रात्री उठावं लागत नाही.

३. पाणी म्हणजे फक्त पाणी नाही. तांदळाची पेज, पातळ ताक, वरणाचं पाणी, कोकम सरबत, कैरीचं पन्हं, कलिंगड, चहासुद्धा मोजतो. रक्तदाब असेल तर ताकात मीठ नको आणि मधुमेह असेल तर सरबतात साखर नको.

४. बसवून पाजतो. पाठीला उशी, मान किंचित पुढे, छोटा घोट, गिळल्याचं दिसलं की पुढचा. पक्षाघातानंतर काहींना पातळ पाणी ठसकतं. पाणी पिताना खोकला आला किंवा आवाज घोगरा, ओलसर झाला, तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी कधीही ओतू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं.

५. त्यांचा घोट, माझा घोट. आईंचं फुलपात्र भरताना शेजारी माझाही पेला भरते. त्या आधी बघतात, मी प्यायले का. मग पितात.

ओआरएसची गोष्ट, जी वर्गातही सांगता येईल

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन अपुरं पडलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पाणी तोंडाने द्यायला सुरुवात केली. परिचारिका मोजक्याच. मग पेला कोणी धरला? आजाऱ्यांच्या आई-वडिलांनी, भावाबहिणींनी. उपचारांखालच्या रुग्णांमध्ये आधी २० ते ३० टक्के असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२२ मध्ये ते वारले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

यामागचं विज्ञान सोपं आहे. आतड्यात साखर आत जाताना मिठातलं सोडियम बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. म्हणून दोन्हींचं प्रमाण नेमकं लागतं. एक लिटरची पुडी असेल तर ती पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा, पेलाभर पाण्यात अर्धी पुडी नको. केलेलं पाणी २४ तासांत संपवा, उरलेलं टाका. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, ५ मिलीलिटरचा.

ओआरएस जुलाब-उलट्यांसाठी आहे, रोज पिण्यासाठी नाही. पुडी घेताना जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का ते बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने खाद्यपेयांच्या नावात आणि वेष्टनावर ‘ओआरएस’ शब्द वापरण्यास मनाई केली, कारण त्या नावाने गोड पेयं विकली जात होती.

थांबू नका, न्या

आठ-दहा तास लघवी नाही, उभं राहता येत नाही, उलट्या थांबत नाहीत, बोलणं गोंधळलेलं आहे, अंग तापलंय आणि शुद्ध हरपत चाललीय, यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा.

वर्गासाठी उपक्रम

केरळमधल्या काही शाळांनी २०१९ मध्ये ‘पाण्याची घंटा’ सुरू केली. ती वाजली की सगळ्यांनी पाणी प्यायचं. आम्ही चौथीत त्याला गणित जोडलं. लिटर-मिलीलिटर शिकवताना मुलांना घरचा पेला किती मिलीलिटरचा आहे ते मोजायला लावलं. मग आठवडाभराचा तक्ता दिला. एका रकान्यात आजी-आजोबांनी किंवा घरातल्या आजाऱ्याने किती पेले घेतले आणि दुसऱ्या रकान्यात त्यांना सांभाळणाऱ्याने किती घेतले. ज्यांच्या घरी आजी-आजोबा नाहीत, त्यांनी धाकट्या भावंडाची नोंद केली.

शनिवारी तक्ते गोळा केले. एक मुलगी म्हणाली, ‘बाई, आजीचा रकाना भरला, आईचा रिकामाच राहिला.’ मी म्हटलं, ‘मग आता काय करायचं?’ ती म्हणाली, ‘आजीला पाणी नेताना दोन पेले नेईन.’

आज संध्याकाळी तुमच्याही घरी दोन पेले भरा. आणि तुमच्या वर्गात हा तक्ता करून बघितलात, तर मुलांनी काय टिपलं ते मला जरूर कळवा.