वन्संचे वजन आणि डॉक्टरांची अट

आमच्या धाकट्या वन्सं कार्तिकीच्या सुमारास चार दिवस माहेरी आल्या होत्या. रात्री जेवणे आटोपली, भांडी घासायला बसलो आणि त्या एकदम म्हणाल्या, "वैनी, मी आता त्या दवाखान्यात परत जायची नाही."

मी चमकलेच. वन्संचे वय बेचाळीस, उंची पाच फूट आणि वजन १०४ किलो. मधुमेह जडलेला, गुडघे धरलेले, रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा. सगळे उपाय करून थकल्यावर शहरातल्या डॉक्टरांनी जठर लहान करण्याचे ऑपरेशन सुचवले होते. घरात होय-नाही होऊन सर्वांनी संमती दिली होती. मग आता काय झाले?

"काय व्हायचं? तीन महिन्यांत सहा किलो उतरवून या म्हणाले. पहिल्या महिन्यात तीन उतरलं, दिवाळीत दोन परत आलं. कुठल्या तोंडानं जाऊ? आणि मला एक सांगा वैनी, वजन उतरत नाही म्हणून तर ऑपरेशन करायचं. मग ऑपरेशनसाठी आधी वजन उतरवा, हा कुठला न्याय?"

प्रश्न बिनतोड होता. मला उत्तर देता येईना. पुढच्या आठवड्यात मीच त्यांना घेऊन दवाखान्यात गेले. तेथे जे समजले ते आपल्या वाचक भगिनींपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

अट कशासाठी?

डॉक्टरांनी कागदावर पोटाचे चित्र काढले. उजव्या बरगड्यांखाली यकृत असते. त्याची डावी पाकळी नेमकी जठरावर येते. वजन फार वाढलेल्या माणसाच्या यकृतात चरबी साठते. ते फुगते, जड आणि ठिसूळ होते. हे ऑपरेशन पोटाला चार-पाच लहान छिद्रे पाडून दुर्बिणीतून करतात. जठर दिसण्यासाठी यकृत वर उचलून धरावे लागते. ते मोठे असले तर नीट उचलता येत नाही, दुखावले तर रक्त येते. क्वचित प्रसंगी ऑपरेशन अर्धवट थांबवावे लागते किंवा पोट मोठे कापून उघडावे लागते.

म्हणून ऑपरेशनच्या आधी साधारण पंधरा दिवस अगदी कमी उष्मांकांचा, कमी पिठा-साखरेचा आहार देतात. आपल्या घरातच पाहा ना. रोजच्या खर्चाचे धान्य कणगीत असते आणि साठवणीचे पेवात. घरात धान्य येणे कमी झाले की आधी कणगी रिती होते, पेव नंतर. तसेच यकृतातली साठवलेली साखर आधी खर्च होते. तिच्याबरोबर धरून ठेवलेले पाणीही जाते आणि यकृतातली चरबीही उतरू लागते. काट्यावर दोन-चार किलोच कमी दिसतात, पण आतले यकृत आकसते आणि डॉक्टरांना जागा मिळते.

वन्सं ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे ही माझी परीक्षा नव्हती?"

डॉक्टर म्हणाले, "नाही हो ताई. ही ऑपरेशनची तयारी आहे. पेरणीआधी रान तयार करतो तशी."

मग वजन उतरत का नाही?

वन्संच्या सासूबाई म्हणत, "जिभेवर ताबा नाही." शेजारणीही तेच म्हणत. पण दोष एवढ्यावर नाही. अन्न कमी झाले की शरीराला दुष्काळाची शंका येते. जठरातून भूक चेतवणारा रस अधिक सुटतो, आणि शरीर आपला खर्च आवरते. वैरण कमी पडली की गाय दूध आटवते, तसाच हा प्रकार. त्यामुळे पहिले तीन किलो झटकन जातात आणि चौथा हटून बसतो. दिवसभर रानात राबणारी बाईसुद्धा म्हणूनच जाड राहू शकते. तिला आळशी म्हणणे हा अन्याय आहे.

तरीही काही गोष्टी आपल्या हातात असतात. आहारतज्ज्ञ बाईंनी वन्संना दिवसभराचा हिशेब मांडायला लावला. सहा कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे बारा चमचे. एका चमच्याचे वीस उष्मांक धरले तरी २४० झाले! फोडणीला पडणाऱ्या तेलाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० उष्मांक. मुलांच्या ताटात उरलेले टाकवत नाही म्हणून आपण खातो, ते वेगळेच. आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी म्हणजे नुसते पिष्ट, वर शेंगदाणे आणि तूप. "मी खातच नाही" असे वन्सं म्हणत तेव्हा त्या खोटे बोलत नव्हत्या. ताटावर बसून खाल्लेले तेवढेच त्यांनी धरले होते.

पंधरा दिवस कसे काढले?

ऑपरेशनची तारीख पौषात ठरली. डॉक्टरांनी सांगितले, "सहाच्या आकड्यासाठी अडून बसू नका. शेवटचे पंधरा दिवस मात्र काटेकोर पाळा." अमेरिकेतल्या या शस्त्रक्रियेच्या तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१६ साली स्पष्ट म्हटले आहे, की विमा कंपन्या ऑपरेशनपूर्वी ठरावीक काळ वजन उतरवण्याची जी सक्ती करतात, तिचा रुग्णाला लाभ होतो असा पुरावा नाही. शेवटच्या दिवसांतला यकृताचा आहार ही मात्र निराळी गोष्ट आहे.

असा आहार बहुधा दिवसाला ८०० ते १००० उष्मांकांचा असतो. वन्संना मुगाचे कढण, उकडलेली अंडी, साय काढलेल्या दुधाचे दही, पातळ ताक, पालेभाजी आणि काकडी असे लिहून दिले होते. भाकरी, भात, साखर, गूळ बंद. प्रथिनांवर भर, म्हणजे अंगातले बळ टिकते. पहिले तीन दिवस डोके दुखले, चिडचिड झाली. चौथ्या दिवसापासून निभावले. नवव्या दिवशी पुतणीच्या बारशाला एक जिलेबी खाल्ली आणि रडत रडत वहीत लिहून ठेवली. आहारतज्ज्ञ बाई वही पाहून एवढेच म्हणाल्या, "लिहिलंत हे फार चांगलं केलंत."

येथे दोन सूचना महत्त्वाच्या. हा आहार मनाने करू नये. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना खाणे एकदम कमी केले तर रक्तातली साखर फार खाली जाऊन चक्कर येते, शुद्धही हरपते. औषधाचे प्रमाण डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावे लागते. दुसरी गोष्ट मिसरीची. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो आणि या ऑपरेशननंतर आत व्रण होण्याची भीती वाढते. वन्संना मिसरी सोडणे भाकरी सोडण्याहून जड गेले, पण सोडली.

ऑपरेशन कोणाला?

जठराला वळसा देण्याचे ऑपरेशन एडवर्ड मेसन या अमेरिकन शल्यतज्ज्ञाने १९६६ साली आयोवात प्रथम केले. आज जठराचा बराचसा भाग काढून त्याची नळी करण्याची पद्धत अधिक चालते. पात्रता ठरवताना किलोतले वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात. वन्संचा आकडा ४५ आला. जगातल्या दोन मोठ्या संघटनांनी २०२२ साली ३५ च्या वर सर्वांना, आणि मधुमेहासारखा आजार असल्यास ३० च्या वरही ऑपरेशनचा विचार करावा असे सुचवले. आपण आशियाई लोकांसाठी ही मर्यादा आणखी खाली धरतात. विमा असेल तर त्याच्या अटी मात्र वेगळ्या असतात, त्या आधी वाचून घ्याव्यात.

ऑपरेशन झाले म्हणजे सुटलो, असेही नाही. थोडे थोडे, चावून, आधी प्रथिने अशी जेवणाची रीत आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर लागतात. हलगर्जी केली तर वजन परत येते.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वन्सं काट्यावर उभ्या राहिल्या. ९९ किलो. सांगितलेल्या सहापैकी पाचच उतरले होते. यकृत पुरेसे आकसले होते आणि ऑपरेशन सुरळीत पार पडले.

म्हणून भगिनींनो, कोणाला अशी अट घातली असेल आणि काटा हलत नसेल, तर लाजून घरी बसू नका. वही घेऊन जा, झाले ते सांगा, आणि "ही अट माझ्या बाबतीत कशासाठी?" असे विचारा. घरच्यांनीही टोमणे मारण्याऐवजी पंधरा दिवस फोडणीचा हात आखडता घ्यावा. वन्संच्या सासूबाईंनी शेवटी तेवढे केले. स्वतःचा चहाही बिनसाखरेचा घेतला.

यंदा नागपंचमीला वन्सं आल्या तेव्हा वजन ७८ होते. जेवायला पाटावर बसल्या. वाटीभर जेवल्या आणि भिंतीला हात न लावता उठल्या. माझे लक्ष आहे हे पाहून म्हणाल्या, "बघता काय वैनी, झिम्म्याला येताय ना?"