झाकली मूठ उघडू या : ऑनलाइन खेळांतील फसवणूक आणि आपले कुटुंब

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी घराची अब्रू राखण्यासाठी सांगितली. ऑनलाइन खेळांतील फसवणुकीच्या बाबतीत मात्र ती नेमकी उलटी पडते. येथे मूठ जितका वेळ झाकलेली राहते, तितके सव्वा लाख बोटांच्या फटींतून निसटत जातात.

माहिती-तंत्रज्ञानाची नगरी म्हणून ओळखले जाणारे बेंगळुरू हे मोबाइलवरील खेळांचेही मोठे केंद्र आहे. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ अर्थात बीजीएमआय हा खेळ 2 जुलै 2021 रोजी भारतात आणणाऱ्या क्राफ्टन कंपनीचे भारतातील कार्यालय याच शहरात आहे. व्हाइटफील्ड आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतील कचेऱ्यांत नोकरी करणारी मराठी कुटुंबेही येथे पुष्कळ. आई-वडील कामावर, मुले शाळेतून घरी आणि सोबतीला मोबाइल, हे चित्र त्यांना अनोळखी नाही. खेळ ही वाईट गोष्ट नव्हे. धोका आहे तो खेळाभोवती घिरट्या घालणाऱ्या भामट्यांचा.

फुकट ते पौष्टिक?

प्रत्येक लोकप्रिय खेळाचे स्वतःचे चलन असते. बीजीएमआयमध्ये त्याला ‘यूसी’ म्हणतात. ते खऱ्या रुपयांनी विकत घ्यावे लागते. त्यातून पात्रांचे पोशाख आणि शस्त्रांची सजावट मिळते व मित्रमंडळींत भाव वधारतो. मुलांची ही हौस भामट्यांना नेमकी ठाऊक असते. ‘यूसी फुकट मिळवा’ अशी जाहिरात येते. तिच्यामागचे पान हुबेहूब अधिकृत पानासारखे दिसते आणि तेथे भरलेला पासवर्ड थेट चोराच्या हाती पडतो. कोणी ‘वरच्या पातळीवरचे खाते स्वस्तात विकतो’ म्हणून पैसे घेतो आणि नाहीसा होतो. कोणी स्पर्धेचे प्रवेशशुल्क गोळा करतो. स्पर्धा मात्र कधीच होत नाही.

याहून घातक असतात ती अधिकृत ॲप स्टोअरच्या बाहेरून उतरवून घेतलेली ॲप. पब्जी मोबाइलवर 2 सप्टेंबर 2020 रोजी भारतात बंदी आली. बीजीएमआयदेखील जुलै 2022 मध्ये ॲप स्टोअरवरून हटवण्यात आला आणि मे 2023 मध्ये परतला. आवडता खेळ असा अचानक दिसेनासा झाला की चाहते भलत्याच ठिकाणी त्याची फाइल शोधू लागतात. असे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि ती दिली की बँकेचा ओटीपीही त्याला वाचता येतो.

तिसरा सापळा मोठ्यांसाठी असतो. कोलकात्यात ‘ई-नगेट्स’ नावाच्या ॲपवर प्रारंभी खेळणाऱ्यांना कमिशन मिळे व शिल्लक सहज काढता येई. विश्वास बसल्यावर लोकांनी मोठ्या रकमा गुंतवल्या. मग एके दिवशी यंत्रणेच्या सुधारणेचे निमित्त सांगून पैसे काढणे बंद झाले. सप्टेंबर 2022 मध्ये सक्तवसुली संचालनालयाच्या छाप्यात 17 कोटी रुपयांहून अधिक रोकड सापडली. या प्रकरणाचा पहिला गुन्हा एका बँकेच्या तक्रारीवरून नोंदवला गेला होता, ही बाब आपल्या कर्मचारी बंधू-भगिनींनी आवर्जून ध्यानात ठेवावी. काउंटरपलीकडून दिसणारा संशयास्पद व्यवहार हा अनेकदा गुन्ह्याचा पहिला धागा असतो.

भीतीची किंमत

हे झाले पैशांचे. त्याहून मोठे नुकसान दुसरेच असते. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबईत जोगेश्वरी येथील एका 16 वर्षांच्या मुलाने खेळाच्या नादात आईच्या खात्यातून सुमारे 10 लाख रुपये खर्च केल्याची बातमी आली. घरचे रागावल्यावर तो चिठ्ठी लिहून घरातून निघून गेला. सुदैवाने अंधेरीतील महाकाली लेण्यांच्या परिसरात पोलिसांना तो सापडला. दहा लाख रुपये एका रात्रीत जात नसतात. पहिल्या हजार रुपयांच्या वेळीच ते घरात सांगण्याचे धैर्य मुलाला असते, तर पुढचे कदाचित घडलेच नसते. भामट्याचे खरे भांडवल तंत्रज्ञान नव्हे. ‘आई-बाबा ओरडतील’ ही भीती हेच ते भांडवल होय.

म्हणून विलंब नको, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. 1930 या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली की ती संबंधित बँकेकडे जाते. रक्कम ज्या खात्यात गेली, तेथून पुढे ज्या खात्यांत वळवली गेली, त्यांचा माग काढला जातो आणि जी काढली गेली नसेल ती गोठवता येते. चोर मिनिटांच्या हिशेबाने रक्कम हलवतो. आपणही मिनिटेच मोजावयास हवीत. बेंगळुरूत 2001 मध्येच सायबर गुन्ह्यांसाठी स्वतंत्र पोलीस ठाणे सुरू झाले. पण तक्रारच उशिरा आली तर कोणतेही ठाणे काय करणार? रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानेही हेच तत्त्व मांडले : ग्राहकाच्या हलगर्जीपणामुळे झालेले नुकसान बँकेला कळवीपर्यंत ग्राहकाचे, कळवल्यानंतरचे बँकेचे.

‘जुगाराच्या ॲपवर पैसे गेले, आता कोणत्या तोंडाने सांगू?’ असा संकोचही अनेकांना असतो. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणाऱ्या कायद्याला 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात असे खेळ चालवणाऱ्यांस, त्यांची जाहिरात करणाऱ्यांस व त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळणाऱ्यांस शिक्षा सांगितली आहे. केवळ खेळणाऱ्यास नाही. तेव्हा संकोच सोडावा.

एवढे अवश्य करावे

• मोठी शिल्लक असलेले खाते मुलांच्या हाती जाणाऱ्या मोबाइलशी जोडू नये. यूपीआय पिन मुलांना सांगू नये.
• कार्डावरील ऑनलाइन व आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सोय गरज नसताना बंद ठेवावी आणि व्यवहाराची मर्यादा कमी ठेवावी.
• पैसे मिळवण्यासाठी पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार, हे समजून घ्यावे.
• बक्षीस जमा करण्याच्या नावाखाली आपले खाते कोणालाही वापरावयास देऊ नये. अशा खात्यांतूनच चोरीचा पैसा फिरतो आणि चौकशीला खातेदारास सामोरे जावे लागते.
• फसवणूक कळताच 1930 आणि आपली बँक, दोन्हींना त्वरित कळवावे. संदेश व व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवावा.

आणि एक गोष्ट कोणत्याही परिपत्रकात नाही. आज रात्री जेवताना मुलांना एवढेच सांगा, “खेळताना काही चुकले, पैसे गेले, तर आधी आम्हाला सांग. रागवायचे ते मागाहून पाहू.” असे सांगून आलेला मुलगा व त्याचे पालक शाखेत आले, तर आपल्या कर्मचाऱ्यांनीही उपदेश नंतरसाठी ठेवावा व तक्रार आधी नोंदवून घ्यावी. मूठ वेळीच उघडली, तर सव्वा लाख कदाचित वाचतील. आपले मूल तर नक्कीच आपल्याजवळ राहील.