इतिहासाचा सातबारा कोणाच्या नावावर?

कोलकात्याच्या मैदानावर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची गाठ पडते तेव्हा सामना नव्वद मिनिटांत संपतो. वाद मात्र संपत नाही. आज कोणता संघ सरस, हा त्या वादाचा विषय क्वचितच असतो. कोणाचा इतिहास थोर, हा खरा प्रश्न. कचेरीतील कारकुनापासून मासळीबाजारातील विक्रेत्यापर्यंत साऱ्यांना सनावळी तोंडपाठ असते. या भांडणाला पोरकट म्हणून हसणे सोपे आहे. परंतु समाज आपल्या भूतकाळाकडे कसा पाहतो, हे पाठ्यपुस्तकांपेक्षा कधीकधी अशा भांडणांतूनच अधिक स्वच्छ दिसते.

मोहन बागानची कैफियत अशी. क्लबची स्थापना १८८९ सालची. २९ जुलै १९११ रोजी आय. एफ. ए. शील्डच्या अंतिम सामन्यात या संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीला २-१ असे हरविले. शिवदास भादुडी आणि अभिलाष घोष यांनी गोल केले. अकरांपैकी दहा जण अनवाणी खेळत होते. वंगभंगाची जखम ताजी असताना राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात नमविणारा हा विजय केवळ खेळाचा राहिला नाही. ज्या घरात हा वारसा आहे, त्या घराने इतरांच्या चषकांची मोजदाद का करावी, असा त्यांचा सवाल आहे.

ईस्ट बंगालचा जन्म अपमानातून झाला. १९२० साली मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात जोडाबागान संघाने शैलेश बोस या खेळाडूला वगळले. तो पूर्व बंगालचा म्हणूनच डावलला गेला, या भावनेने उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधरी बाहेर पडले आणि १ ऑगस्टला नवा क्लब उभा राहिला. पाच वर्षांनी कलकत्ता लीगमधील पहिल्याच लढतीत त्याने मोहन बागानला १-० असे हरविले. फाळणीनंतर घरदार गमावून आलेल्या लक्षावधींना या नावात आपला हरवलेला मुलूख सापडला. १९७० ते १९७५ अशी सलग सहा वर्षे लीग जिंकणाऱ्या आणि १९७५ च्या शील्ड अंतिम सामन्यात मोहन बागानवर ५-० अशी मात करणाऱ्या संघाने त्यांना ताठ मानेने जगायला शिकविले, असे हे लोक सांगतात. पश्चिमेकडचे मूळ रहिवासी ते ‘घोटी’, पूर्वेकडचे ते ‘बांगाल’. एकाच्या विजयाला कोळंबी, दुसऱ्याच्या विजयाला इलिश मासा, अशी ही वाटणी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली.

दोन्ही कैफियती खऱ्या आहेत. मात्र उलटतपासणी सुरू केली की गंमत दिसू लागते. १९११ च्या ज्या अकरा वीरांवर घोटी मंडळी हक्क सांगतात, त्यांतील अनेकांची मूळ घरे पूर्व बंगालात होती. उलट निर्वासितांचा म्हणून ओळखला जाणारा ईस्ट बंगाल क्लब फाळणीच्या २७ वर्षे आधी, प्रतिष्ठित आणि संपन्न मंडळींनी स्थापन केलेला. त्याच्या सुवर्णकाळातील ‘पंचपांडव’ अहमद खान, अप्पाराव, धनराज, सालेह आणि व्यंकटेश हे तर दक्षिणेतून आलेले. १९४९ साली ईस्ट बंगालने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, तो अशा खेळाडूंच्या बळावर. आणि या दोघांच्या रणधुमाळीत तिसऱ्याचे नाव घ्यायला कोणालाच सवड नसते. कलकत्ता लीग प्रथम जिंकणारा भारतीय संघ ना मोहन बागान, ना ईस्ट बंगाल. तो मान १९३४ साली महमेडन स्पोर्टिंगचा, आणि पुढे १९३८ पर्यंत सलग पाच वेळा त्यांनी तो राखला.

याचा अर्थ दोघेही खोटे बोलतात असा नव्हे. घडलेला इतिहास आणि मिरविलेला इतिहास यांत अंतर असते, एवढाच. पहिला पुराव्याने सिद्ध होतो. दुसरा गरजेतून जन्मतो. पराधीन समाजाला विजयाची गरज होती, उखडलेल्या समाजाला मुळांची. चषकांची बेरीज करून अशा गरजांचा निवाडा कसा करणार?

मात्र मिरविणे द्वेषात बदलले की त्याची किंमत मोजावी लागते. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली आणि सोळा जण प्राणास मुकले. ते कोणत्या बाजूचे होते हे विचारण्यात कोणाचा इतिहास मोठा होणार होता?

या वारशाला खरा धोका समोरच्या गॅलरीतून नाही, हे अलीकडच्या दोन घटनांनी दाखवून दिले. २०२० साली मोहन बागानच्या फुटबॉल संघाची ए. टी. के. या व्यावसायिक संघाशी सांगड घालण्यात आली आणि १८८९ च्या नावाआधी २०१४ साली जन्मलेल्या संघाची आद्याक्षरे लागली. चाहत्यांनी सातत्याने विरोध केला. अखेर २०२३ मध्ये ती अक्षरे गेली, पण ‘सुपर जायंट’ हे नवे शेपूट आले. इतिहास भांडवलाबरोबर विकत मिळत नाही, हे सामान्य चाहत्याला जेवढे कळले तेवढे व्यवस्थापनांना कळलेले दिसत नाही.

दुसरी घटना १८ ऑगस्ट २०२४ ची. शासकीय रुग्णालयातील तरुण डॉक्टरवर अत्याचार करून तिची हत्या झाल्याने शहर संतप्त होते. बंदोबस्ताचे कारण देऊन ड्युरंड चषकातील या दोन संघांचा सामना रद्द करण्यात आला. तरीही दोन्ही संघांचे समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले, महमेडनचे पाठीराखेही आले, आणि सर्वांनी एका आवाजात न्याय मागितला. पोलिसांच्या लाठीने रंग विचारला नाही.

शंभर वर्षे ज्यांनी एकमेकांची उणीदुणी काढली, ते त्या दिवशी खांद्याला खांदा लावून उभे राहू शकले, कारण एवढे भांडण्याइतकी जवळीक त्यांच्यात आधीपासूनच होती. ईस्ट बंगालची जन्मकथा मोहन बागानच्या नावावाचून सांगता येत नाही आणि ईस्ट बंगालला वगळून मोहन बागानची गेली शंभर वर्षे लिहिता येत नाहीत. या इतिहासाचा सातबारा निघालाच, तर तो सामाईक नावावरच निघेल. भांडण खुशाल चालू राहावे. फक्त हद्दीचा दगड कोणी कोणाच्या डोक्यात घालू नये.