मुलगी डॉक्टर व्हावी, तर कागद आधी

कळमनुरी, औंढा भागातले आंध समाजाचे पालक दवाखान्यात आले की हल्ली हमखास विचारतात, "डॉक्टरसाहेब, आमची पोर डॉक्टर होईल का?" जरूर होईल. २०२४ साली हिंगोलीतच १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. राज्याच्या कोट्यात अनुसूचित जमातींना ७ टक्के जागा राखीव आहेत. खरी चुरस 'नीट' परीक्षेची.

परंतु गुणांइतकाच महत्त्वाचा आहे एक कागद. जातीचा दाखला वेगळा आणि पडताळणी समितीचे जात वैधता प्रमाणपत्र वेगळे. नुसत्या दाखल्यावर राखीव जागा पक्की होत नाही. समितीपुढे ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना मोठे वजन असते. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा, जमिनीचे जुने कागद शोधण्यात महिने जातात. म्हणून निकालाची वाट न पाहता अकरावीतच महाविद्यालयामार्फत अर्ज करावा. वडील किंवा सख्ख्या चुलत्यांकडे वैधता प्रमाणपत्र असल्यास तेही जोडावे.

खर्चासाठी शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाची वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून जेवण व निवासाची रक्कम मिळते. अटींची चौकशी कळमनुरीच्या प्रकल्प कार्यालयात करावी.

पंचवीस वर्षांच्या व्यवसायात मी पाहतो, रोगी आपल्या माणसाजवळ दुखणे लवकर बोलतो. वाडीवस्तीतली मुलगी डॉक्टर झाली, तर अंगावर काढलेली कितीतरी दुखणी वेळेत कळतील. पालकांनो, जुनी ट्रंक आजच उघडा.