पदवीचा ताळेबंद – लेखांक ६ : राज्यशास्त्राचे उत्पन्न उशिरा येते, हप्ता मात्र वेळेवर

बराक ओबामा १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून राज्यशास्त्र घेऊन पदवीधर झाले. पुढे हार्वर्डची कायद्याची पदवी, शिकागोत अध्यापन, इलिनॉय राज्याच्या सिनेटची आमदारकी. एवढे सगळे पदरात असूनही त्यांचे आणि मिशेल यांचे शिक्षणकर्ज फिटायला २००४ साल उजाडले. २०१२ च्या प्रचारात ही गोष्ट ते विद्यार्थ्यांना स्वतःहून सांगत. त्यांच्याच सरकारने २०१५ मध्ये ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ या संकेतस्थळाचा नवा अवतार आणला आणि कोणत्या कॉलेजची मुले किती कमावतात, हे कोणालाही पाहता येऊ लागले. २०१९ पासून तर त्यात विषयवार कर्ज आणि कमाईही दिसते.

मागच्या लेखांकात नर्सिंगचा हिशोब एका पानात उरकला होता. राज्यशास्त्राचे तसे नाही.

आधी जमा बाजू सोडून नावे बाजू पाहू. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या अमेरिकी विद्यार्थ्याला केंद्र सरकारकडून पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ५,५०० डॉलर, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि नंतर दरवर्षी ७,५०० डॉलर कर्ज मिळते. चार वर्षांचे झाले २७,०००. २०२५-२६ च्या ६.३९ टक्के दराने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण ३०५ डॉलरचा हप्ता बसतो. पण खासगी कॉलेजांचे सरासरी शिक्षणशुल्कच २०२३-२४ मध्ये वर्षाला ४१,५४० डॉलर होते; राहण्या-जेवण्याचा खर्च वेगळा. उरलेली रक्कम घरून येते, नाहीतर आईवडील स्वतःच्या नावावर काढतात, नाहीतर खासगी बँक देते. आणि मेख इथेच आहे. स्कोअरकार्डवर विद्यार्थ्याचे कर्ज म्हणून जो आकडा ठळक दिसतो, त्यात आईवडिलांचे आणि बँकेचे कर्ज धरलेले नसते.

कमाईच्या आकड्यातही अशीच एक फट आहे. जे नोकरी करतात आणि शिकत नाहीत, त्यांचीच कमाई मोजली जाते. तीही सरकारी मदत घेतलेल्यांपुरती. राज्यशास्त्राचे अनेक पदवीधर तर पुढे कायद्याकडे वळतात. मोजणीच्या वर्षी ते वर्गात बसलेले असतात, म्हणून आकड्यातून गळतात. त्यामुळे स्कोअरकार्डवरचा कमाईचा मध्यक खोटा नसला तरी अर्धवट आहे.

दुसऱ्या टोकाला फसवा मोठा आकडा आहे. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार मे २०२३ मध्ये राज्यशास्त्रज्ञांचा मध्यक वार्षिक पगार १,३२,३५० डॉलर होता. वाचून हरखून जावे असाच. पण अख्ख्या देशात अशा नोकऱ्या जेमतेम सहा-सात हजार, आणि तिथे शिरायला बहुधा पदव्युत्तर पदवी किंवा पीएचडी लागते. बावीस वर्षांच्या पदवीधराने या आकड्याकडे पाहून कर्ज काढणे म्हणजे बाजारात तुरी असताना घरात भांडण.

खरी सुरुवात कुठे होते, ते वॉशिंग्टनमध्ये दिसते. खासदारांच्या कार्यालयातली उमेदवारी (इंटर्नशिप) वर्षानुवर्षे बहुतांश बिनपगारी होती. उमेदवारांच्या मानधनासाठी संसदेने निधी मंजूर केला तो २०१८ मध्ये. व्हाइट हाउसने तर २०२२ च्या शरदापासून मानधन सुरू केले. ज्यांच्या घरी भाडे भरायची सोय, त्यांनाच तोवर हा अनुभव परवडत होता. प्रतिनिधिगृहातल्या कर्मचाऱ्यांना किमान ४५,००० डॉलर पगार मिळू लागला तोही सप्टेंबर २०२२ मध्ये. या पगारावर ३०५ डॉलरचा हप्ता म्हणजे ढोबळ मिळकतीतले सुमारे आठ टक्के. चिमटा बसतो, पण गळा आवळला जात नाही.

गळा आवळते ती दुसरी पदवी. कायद्याच्या नव्या पदवीधरांच्या पगाराचा आलेख उंटाच्या पाठीसारखा, दोन उंचवट्यांचा असतो. मोठ्या फर्ममध्ये पहिल्याच वर्षी सव्वादोन लाख डॉलर, आणि लहान कार्यालये, सरकारी वकील, स्वयंसेवी संस्था यांच्याकडे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. सरासरी या दोहोंमधल्या दरीत पडते आणि त्या दरीत फारसे कोणीच राहत नाही. कर्ज मात्र दोघांचेही सारखेच. सार्वजनिक सेवेत १२० हप्ते भरले की उरलेले केंद्रीय कर्ज माफ होण्याची २००७ ची योजना दुसऱ्या गटासाठी आधार ठरते. जुलै २०२५ च्या कायद्याने नव्या कर्जांना १ जुलै २०२६ पासून मर्यादा घातली आहे : कायद्यासाठी एकूण दोन लाख डॉलर, राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी एक लाख.

ओबामा शिकले त्याच कोलंबिया विद्यापीठात, तिथल्या राज्यशास्त्र विद्याशाखेत, १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर दाखल झाले होते. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची. बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार. फेड पैशांत नव्हे, आयुष्याच्या वर्षांत ठरली होती. १९१७ मध्ये ते रुजूही झाले, पण जातीमुळे त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना आणि काही दिवसांतच त्यांना बडोदा सोडावे लागले.

आज पुण्या-नागपुरातून तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याला वरचे केंद्रीय कर्ज मिळतच नाही. तो बहुधा भारतातल्या बँकेचे कर्ज घेतो. पदवीनंतर ‘ओपीटी’ या कामाच्या परवान्यावर अमेरिकेत काम करायला त्याला १२ महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञान गटातल्या मित्राला त्यावर आणखी २४ मिळतात. विद्यार्थी व्हिसावर डॉलर कमावून हप्ते फेडायला प्रत्येकाला एवढाच अवधी. काही विद्यापीठांनी सांख्यिकीवर भर असलेले सामाजिक शास्त्रांतले अभ्यासक्रम त्या गटात बसवले आहेत, साध्या राज्यशास्त्राला ती सवलत नाही. म्हणून बँकेच्या कागदांवर सही करण्याआधी विद्यापीठाने दिलेल्या आय-२० फॉर्मवर छापलेला विषयाचा संकेतांक पाहावा. तो ४५.१० ने सुरू होत असेल, तर हिशोब १२ महिन्यांचाच धरावा.