ओल्या हातातली मूठ

बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था आहे. शेजारच्या तुमकुरू जिल्ह्यातला तांबड्या गऱ्यांचा ‘सिद्दू’ फणस या संस्थेमुळे कलमांच्या रूपाने शेतकऱ्यांपर्यंत पोचला. ही सगळी किमया घडते खिशात मावणाऱ्या घडीच्या चाकूवर. खुंट आणि कलमकाडी यांच्या सालीखालचे जिवंत थर एकमेकांना नीट टेकले तरच कलम जगते. त्यासाठी काप एका ओढीत, सपाट यावा लागतो. पात्याच्या धारेबद्दल सगळेच बोलतात; मुठीची चौकशी मात्र फारसे कुणी करत नाही.

खरे तर काप बिघडतो तो पुष्कळदा मुठीमुळे. स्वीडनमध्ये योहान्सन आणि वेस्टलिंग या संशोधकांनी 1984 साली एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. चिमटीत उचलायच्या वस्तूला त्यांनी कधी सँडपेपर, कधी मऊ चामडे, तर कधी रेशीम लावले. रेशीम निसरडे, म्हणून माणसे ते जास्त जोराने धरत, आणि तेही नकळत. वस्तू निसटू नये यासाठी लागतो त्याहून थोडाच अधिक जोर आपली बोटे लावतात. म्हणजे मूठ निसरडी असली की बोटे आपसूक आवळली जातात, हात लवकर थकतो आणि बारीक कामातली नजाकत जाते.

घर्षणाचे गणित ओलाव्याने फिरते. अगदी कोरडी त्वचा घसरते. किंचित दमट त्वचा मऊ होऊन पृष्ठभागाला अधिक चिकटते. पण मध्ये पाण्याचा थर साचला की पकड पुन्हा सुटते. म्हणून गुळगुळीत स्टील किंवा चकचकीत प्लॅस्टिकची मूठ दुकानात छान वाटते आणि पावसाळी रोपवाटिकेत दगा देते. पॉलिश न केलेले लाकूड थोडा घाम शोषून घेते, पण सतत भिजले तर फुगते, तडकते. कापडाचे थर राळेत दाबून केलेला मायकार्टा किंवा काचतंतू आणि इपॉक्सीचा जी-टेन पाण्याला दाद देत नाही. त्यावर खाचा पाडल्या की पाणी त्यांत सरते आणि उंचवटे त्वचेला भिडतात. खाचा मुठीला आडव्या हव्यात, कारण कलम कापताना ओढ मुठीच्या लांबीच्या दिशेने असते. रबर छान धरते, पण तेलाने काही प्रकारचे रबर फुगून खराब होते.

आणि फणसाच्या कामात तेल टळत नाही. त्याचा चीक पाण्याने निघत नाही, म्हणून फळ चिरताना हाताला आणि पात्याला तेल लावतात. तेच तेल मुठीवर पसरले की खडबडीतपणाही निम्मा वाया जातो. मूठ वेगळ्या कोरड्या फडक्याने पुसत राहावे, आणि नवा चाकू घेताना तो हात ओला करून धरून पाहावा. कलम करणाऱ्याचा अंगठा धारेच्या अगदी समोर असतो.